माईची तिथ्यांची वही

स्मरणिकेसाठी शाळेविषयी लिही, असं समितीने सांगितलं. घंटा, मैदान, पाण्याच्या टाकीपाशी झालेल्या मारामाऱ्या यांवर बाकीचे लिहितीलच. मी माझ्या आजीबद्दल लिहिते. ती काही या शाळेची विद्यार्थिनी नव्हती. पण पालकसभेला सगळ्यांच्या आधी येऊन पहिल्या बाकावर बसणारी आणि निघताना बाईंना हळदीकुंकवाचं बोलावणं करून जाणारी नऊवारीतली म्हातारी जुन्या मंडळींना आठवत असेल. आम्ही तिला माई म्हणायचो.

माई 1918 च्या, तापाच्या साथीच्या साली जन्मली आणि 2011 मध्ये गेली. माहेर बडोद्याच्या रावपुऱ्यात, सासर तिथल्याच वाडी भागात. मध्ये चालत जाण्याइतकं अंतर. बडोदे संस्थान, 1949 पासून मुंबई राज्य, 1960 पासून गुजरात. राज्यं तीन झाली, पण तिची चूल हलली नाही.

ती लिहावाचायला शिकली ती कायद्याच्या धाकाने. सयाजीरावांनी 1893 मध्ये अमरेली भागात सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग केला आणि 1906 मध्ये तो साऱ्या संस्थानाला लागू केला. मुलींनाही. मूल शाळेत गेलं नाही तर बापाला दंड. माईच्या वडिलांना मुलीला शिकवायची हौस नव्हती, पण दंड भरायची त्याहून नव्हती. त्या चार इयत्तांच्या भांडवलावर तिने जन्मभर वाचलं. पहाटे पोथी, दुपारी भांडी झाल्यावर वर्तमानपत्र, श्रावणात शेजारणींना बसवून कहाण्या. ओट्याखाली उतरलं की आमच्या कानावर गुजरातीच पडायची. लांबलचक मराठी वाक्य न अडखळता, श्वास राखून वाचायची सवय आम्हाला माईच्या पोथीने लागली. मोतीबिंदू वाढला तशी ती एकेका नातवंडाला पुढे बसवून वाचून घेई आणि चुकलं की डोळे मिटलेलेच ठेवून "मागे जा" म्हणे.

त्यातूनच शाळेतलं ते प्रकरण झालं. माई जुन्या वळणाने, सगळे अनुस्वार देऊन लिहायची. उच्चारात नसलेले अनुस्वार 1962 च्या नियमांनी गेले, पण ती बातमी तिच्या हातापर्यंत पोचली नव्हती. तिचं बघून मीही निबंधात ‘नांव’, ‘गांव’, ‘पांच’ लिहिलं. मराठीच्या बाईंनी पान लाल करून टाकलं. वही पाहून माई दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत शाळेत हजर.

"बाई, यात चुकलं काय?"

बाईंनी शांतपणे नवे नियम सांगितले.

"नियम मुंबईचा ना? आम्ही बडोद्याचे."

बाई हसल्या नाहीत, हे मला आजही विशेष वाटतं. खुर्ची पुढे ओढून त्यांनी माईला बसवलं आणि मला म्हणाल्या, "माईंना पत्र लिहिशील तेव्हा त्यांच्यासारखं लिही. माझ्या वहीत माझ्यासारखं." दोघींनाही ते पटलं. पुढे अनेक वर्षं बाई आमच्याकडे चैत्रातल्या हळदीकुंकवाला, आंब्याच्या डाळीला आणि पन्ह्याला येत राहिल्या.

पत्र हा माईचा दुसरा धर्म. पहिला कुठला आणि दुसरा कुठला, याबद्दल मात्र मला शंका आहे. 15 पैशांच्या पोस्टकार्डांचा गठ्ठा देवघराच्या फळीवर असे आणि शेजारी ती वही. वहीत घरातल्या प्रत्येकाची जन्मतिथी, गेलेल्यांच्या श्राद्धतिथी, कोणाला कुठल्या महिन्यात दिवस गेले, कोणाच्या परीक्षा कधी. पूजा आटोपली की चंदनाच्या हातानेच वही उघडून आज कोणाला लिहायचं ते बघायची. देवाला सांगून झालं, आता माणसांना विचारायचं, असा तो क्रम.

चातुर्मास कडक. कांदेनवमीला घरातला शेवटचा कांदा भज्यांत संपायचा आणि कार्तिकीपर्यंत परत यायचा नाही. पण बडोद्यात वाढलेल्या पोराला सेव-उसळीपासून कोण अडवणार? माई सुट्टे पैसे देऊन म्हणायची, "नेम माझा आहे, तुझा नाही. हात धुऊन ये." इतकं सरळ सोवळं मी दुसऱ्या घरात पाहिलं नाही.

आषाढीला मांडवीजवळच्या देवळातून विठ्ठलाचा वरघोडा, म्हणजे मिरवणूक, निघतो. कार्तिकी पौर्णिमेला नरसिंहजी देव आपल्या पोळेतून, म्हणजे गल्लीतून, तुळसीवाडीला तुळशीशी लग्नाला जातात. या लग्नाला माई खरोखर वऱ्हाडी म्हणून जायची. घडीची पैठणी, केसांत गजरा, आणि घरी आल्यावर "यंदा बँड बरा नव्हता" असा अभिप्राय.

तिची एक इच्छा मात्र राहिली. नर्मदेची पायी परिक्रमा. शास्त्राप्रमाणे ती 3 वर्षं, 3 महिने, 13 दिवसांची. दर वर्षी निघायची भाषा व्हायची आणि दर वर्षी कोणाचं तरी बाळंतपण, कोणाची तरी मॅट्रिक आडवी यायची. पुढे पुढे तर मला वाटायला लागलं, की आडवं यायला काहीतरी ती स्वतःच शोधते. "तेवढ्या दिवसांत किती श्राद्धं चुकतील, मोज," असं मला म्हणायची. सत्तरी ओलांडल्यावर एका चैत्रात आम्ही तिला उत्तरवाहिनी परिक्रमेला नेलं. रामपुरा ते तिलकवाडा आणि परत, साधारण 21 किलोमीटर. नदी तिथे उत्तरेला वळते, म्हणून एवढ्याचंही मोठं पुण्य मानतात. माई चांगली चालली. नावेत बसल्यावर नर्मदेला हात जोडले आणि तिथूनच वळून मला विचारलं, "घरी दूध कोणी तापवलं असेल गं?"

ती गेल्यावर दागिन्यांची वाटणी तासाभरात झाली. वहीवरून मात्र ओढाताण झाली. अखेर माझ्या धाकट्या चुलतभावाने पानांचे फोटो काढून सगळ्यांना पाठवले आणि मूळ वही आत्याकडे गेली. माझी भाची 2004 च्या अधिक श्रावणात जन्मलेली. तिची तिथी माईने शहाऐंशीव्या वर्षी, थरथरत्या हाताने का होईना, नोंदवली होती आणि पुढे लिहिलं होतं: ‘दरसाल निज श्रावणांत करावी.’ 2023 मध्ये पुन्हा अधिक श्रावण आला आणि घरात दोन तट पडले. वाढदिवस अधिकात करायचा की निजात, म्हणजे त्यानंतरच्या नेहमीच्या श्रावणात? फोनवर दोन दिवस वाद चालला. शेवटी आत्याने मूळ वही काढली. फोटोत कापल्या गेलेल्या खालच्या ओळीत माईने लिहून ठेवलं होतं: ‘अधिक आल्यास दोन्ही वेळां.’

भाचीने ताबडतोब दोन केक मागितले. आत्याने एका वेळी पुरणपोळीवर तिला तयार केलं.