दहा जुलैची छत्री

आमच्या माणगाव तालुक्यात १० जुलै म्हणजे भातलावणीचा ऐन हंगाम. त्या दिवशी पटावरची निम्मी मुले आईबापांबरोबर चिखलात उभी असत, तरीही व्हिक्टोरिया क्रॉस या ब्रिटिशांच्या सर्वोच्च शौर्यपदकाचे मानकरी नाईक यशवंतराव घाडगे यांच्या स्मृतिदिनाचा कार्यक्रम आमच्या हेडमास्तरांनी एकदाही पुढे ढकलला नाही. तहसील कार्यालयाजवळच्या पुतळ्याला हार घालून प्रभातफेरी भिजत परत आली की व्हरांड्यात छत्र्यांची रांग लागे, आणि पाचवीतल्या कुणाला तरी भिंतीवरच्या ओल धरलेल्या नकाशात इटली शोधायला उभे केले जाई. मी ग्रीसवर बोट ठेवले होते.

मग हेडमास्तर बोलू लागत. पळसगावचा हा अवघ्या बावीस वर्षांचा नाईक, मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या पलटणीतला, दुसऱ्या महायुद्धात १० जुलै १९४४ रोजी इटलीतल्या टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात आपली तुकडी घेऊन चढाईला गेला. जवळून झालेल्या मशिनगनच्या माऱ्यात त्याचे सगळे सोबती ठार किंवा जखमी झाले आणि तो एकटाच धडधाकट उरला. त्याने धावत जाऊन हातबॉम्बने मशिनगन आणि ती चालवणारा दोन्ही निकामी केले, दुसऱ्या एकाला गोळी घातली, आणि मॅगझिन बदलायलाही उसंत नाही म्हटल्यावर... इथे हेडमास्तर व्हरांड्यातून आपली छत्री आणत, मुठीऐवजी टोकाकडून घट्ट धरत आणि "बंदूक नळीला धरली, अशी!" म्हणून हवेत फिरवत. पुढच्या ओळीवर पाणी उडे. हसत मात्र कुणी नसे, कारण उरलेल्या दोघांना त्याने त्या दस्त्याने लोळवले आणि लगेच लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्या छातीत व पाठीत लागून तिथेच प्राण सोडला, हे पुढचे वाक्य सगळ्यांना पाठ होते.

"त्यांची समाधी कुठे आहे, गुरुजी?" हा प्रश्नही दरवर्षी येई. समाधी नाही, इटलीतल्या कासिनोच्या युद्धस्मारकावर नाव कोरलेले आहे, एवढेच ते सांगत. पदक वीरपत्नी लक्ष्मीबाईंच्या हाती आले, हे सांगताना त्यांचा आवाज अगदी खाली जाई. मग गूळ-शेंगदाणे वाटले जात आणि उरलेली मुलेही शेताकडे पळत.

२०२३ साली इटलीतल्या मोंतोने गावी घाडगे यांच्या स्मरणार्थ सूर्यघड्याळ उभारण्यात आले. पुढे माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात त्याचे छायाचित्र हातोहात फिरले. बाहेर धो धो कोसळत होते. ते बराच वेळ न्याहाळून एक वर्गमित्र म्हणाला, "आपल्याकडे दहा जुलैला ह्यात किती वाजले, ते कळणार कसे?"