चारशेवीसचा कोड आणि वागळे इस्टेट

सॅक्रामेंटोत माझ्या दारात उभ्या असलेल्या पिकअपचं दुखणं सापडलं ते ठाण्यात, वागळे इस्टेटमधल्या मामाच्या गॅरेजच्या गाळ्यात, आणि तेही गाडी समोर नसताना.

आधी गाडीबद्दल. पिकअप म्हटलं की आईच्या डोळ्यांसमोर वाशीच्या मार्केट यार्डात कांदे-बटाटे घेऊन येणारी गाडी उभी राहते. ‘एवढं शिकून टेम्पो घेतलास?’ हे मी फोनवर ऐकून घेतलंय. इथे मात्र पिकअप ही चारचौघांची घरगुती गाडी आहे. माझी २००५ची, सेकंडहँड, व्ही-६ पेट्रोल इंजिनची. मागच्या हौद्यात फर्निचर, सायकली, कुंड्या, काहीही टाकावं.

तर या गाडीची इंजिन लाइट लागली. इथल्या एका गॅरेजने स्कॅनर लावून कोड काढला, पी०४२०, आणि त्याच कागदावर खाली लिहून दिलं: कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (इंजिनच्या धुरातले विषारी वायू निवळणारा, पाइपातला डबा) बदला, खर्च दोन हजार डॉलरच्या वर. बॉनेट कुणी उघडलंही नव्हतं.

तुम्ही म्हणाल, लाइट लागली तर लागू दे, गाडी चालतेय ना! ठाण्यात ते खपून जातं. पंपावरचा पीयूसीवाला सायलेन्सरमध्ये नळी घालतो, धूर मोजतो, नंबर प्लेटचा फोटो काढतो आणि कागद हातात देतो. डॅशबोर्डवर कुठली लाइट पेटलीय ते त्याला बघायचं नसतं. कॅलिफोर्नियात उलटं आहे. २००० आणि त्यानंतरच्या पेट्रोल गाड्यांच्या सायलेन्सरमध्ये नळी घालतच नाहीत. स्टिअरिंगखालच्या सॉकेटला केबल लावतात आणि गाडीच्या कॉम्प्युटरला विचारतात. लाइट पेटलेली असेल तर नापास. आमच्यासारख्या जुन्या गाड्यांना ही परीक्षा दर दोन वर्षांनी, आणि ती पास झाल्याशिवाय रजिस्ट्रेशनचं नूतनीकरण नाही. बॅटरी काढून कोड उडवायची युक्तीही चालत नाही. कोड पुसला की कॉम्प्युटरने आपल्या आपण केलेल्या तपासण्याही पुसल्या जातात, आणि त्या पुन्हा पूर्ण झालेल्या नसतील तर केबल लावणारा तुम्हाला तसाच परत पाठवतो.

स्वस्तातला कन्व्हर्टर लावायचीही सोय नाही. इथे राज्याच्या एअर रिसोर्सेस बोर्डाने मंजूर केलेलाच लागतो, मंजुरीचा क्रमांक त्याच्या अंगावर कोरलेला असावा लागतो, आणि दुसऱ्या गाडीचा जुना काढून बसवणं बेकायदा. त्यात आतल्या जाळीवर प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियम. २०२१च्या मार्चमध्ये ऱ्होडियम औंसाला एकोणतीस हजार डॉलरच्या वर गेलं होतं. त्या काळात इथे रातोरात गाड्यांखालून कन्व्हर्टर कापून नेत होते. मामाला हे सांगितलं तर त्याला काहीच नवल वाटलं नाही. आपल्याकडे ईको गाड्यांचे सायलेन्सर चोरीला जातात ते याच धातूंच्या मातीसाठी, म्हणाला.

गणपतीला ठाण्याला जायचं तिकीट आधीच काढलेलं होतं. निघण्यापूर्वी एक ब्लूटूथ स्कॅनर लावून गाडी गरम केली, थोडी आयडलवर, थोडी अडीच हजार आरपीएमवर ठेवली, आणि सगळे आकडे फोनमध्ये रेकॉर्ड करून घेतले. मामाला दाखवायला म्हणूनच.

मामाचा गाळा म्हणजे दोन गाड्या आत, चार बाहेर, आणि पाऊस असेल तर बाहेरच्या चारांवर निळी ताडपत्री. त्याच्याकडे आता चांगल्यातला स्कॅनर आहे, कारण २०१३ नंतरच्या आपल्याकडच्या बहुतेक मोटारींना ओबीडी-२ (गाडीने स्वतःचे दोष ओळखून कोड द्यायची यंत्रणा) आहे, त्याशिवाय धंदा होत नाही. तरी कोड ऐकल्यावर आधी तो हसला. ‘चारशेवीस? नावातच आलं सगळं!’ मग चष्मा कपाळावरून खाली घेतला, फोन हातात घेतला आणि प्रश्न सुरू केले. ऑइल किती खाते? कूलंट कमी होतं का? मिस मारते का? प्लग कधी बदलले? धूर निळा की काळा? सडक्या अंड्यासारखा वास येतो का?

हे प्रश्न उगाच नव्हते. कॅटकॉन (गॅरेजमध्ये सगळे त्याला हेच म्हणतात) सहसा आपल्या मरणाने मरत नाही. इंजिन मिस मारत असेल तर न जळलेलं पेट्रोल त्याच्यात जाऊन जळतं आणि आतली सिरॅमिकची जाळी वितळते. इंजिन ऑइल जाळत असेल तर ऑइलमधलं फॉस्फरस जाळीवर बसतं. कूलंट आत येत असेल तर तेही तिला निकामी करतं. म्हणजे नुसता कन्व्हर्टर बदलला आणि मूळ रोग तसाच ठेवला, तर नवाही त्याच वाटेने जाणार. मामाच्या भाषेत, ‘मेलेल्याला जाळून काय उपयोग, साथ कसली आहे ते बघ.’

माझी उत्तरं बहुतेक ‘नाही’ अशीच होती. मग तो ग्राफकडे वळला.

कन्व्हर्टरच्या आधी एक ऑक्सिजन सेन्सर असतो आणि नंतर एक. आधीच्याची रेघ सतत वरखाली होत असते, ०.१ व्होल्टपासून ०.९ पर्यंत, कारण कॉम्प्युटर पेट्रोल किंचित कमी, किंचित जास्त असं करत हवा-पेट्रोलचं प्रमाण १४.७ला एक या आकड्याभोवती खेळवत असतो. कन्व्हर्टरच्या जाळीवर सिरियमचा लेप असतो, तो जास्तीचा ऑक्सिजन धरून ठेवतो आणि कमी पडला की सोडतो. म्हणून चांगल्या कन्व्हर्टरनंतरच्या सेन्सरची रेघ ०.६-०.७ व्होल्टवर जवळजवळ सरळ असते. मामाने गाळ्यातल्या पोराला ते सोसायटीच्या टाकीवरून समजावलं. नगरपालिकेचं पाणी आलं-गेलं तरी टाकी मोठी असेल तर नळाला धार एकसारखी राहते. टाकीच उरली नाही, तर नळही पालिकेच्या तालावर नाचतो. कॉम्प्युटर या दोन रेघांची तुलना करतो. मागची पुढचीसारखी नाचायला लागली की पी०४२०.

माझ्या ग्राफवर मागची रेघ नाचत होती. म्हणजे टाकी गेली? मामा म्हणाला, ‘थांब. नळात मध्येच कुठून हवा शिरत असेल तर?’

मग त्याने फ्युएल ट्रिमचे आकडे काढायला लावले. कॉम्प्युटर नेहमीच्या हिशोबापेक्षा किती टक्के पेट्रोल जास्त किंवा कमी सोडतोय, ते हा आकडा सांगतो. व्ही-६ म्हणजे इंजिनच्या दोन बाजू, दोन बँका. ज्या बाजूला एक नंबर सिलिंडर ती बँक एक. बँक दोन अधिक दोन-तीनवर शांत होती. बँक एक आयडलवर अधिक सोळा, आणि अडीच हजार आरपीएमवर सहापर्यंत उतरलेली.

मामाने टेबलावर बोट आपटलं. गाडीतला पेट्रोलचा पंप कमजोर असता, हवेचा सेन्सर मळलेला असता, तर दोन्ही बाजू वर गेल्या असत्या. एकच बाजू वर आहे, तीही आयडलवर जास्त, म्हणजे त्या बाजूला कुठून तरी चोरटी हवा येतेय. एक तर इनटेकच्या गॅस्केटमधून, नाहीतर एक्झॉस्ट मॅनिफोल्डमधून (सिलिंडरांमधला धूर गोळा करणारा लोखंडी पाइप), पहिल्या सेन्सरच्या आधी. मग विचारलं, ‘सकाळी थंड इंजिन सुरू केल्यावर टिकटिक येते का? गरम झालं की बंद होणारी?’

येत होती. शेजारचा म्हणाला होता टॅपेट (व्हॉल्व्ह हलवणारे भाग) वाजताहेत, जुनं इंजिन आहे, होतं असं.

‘टॅपेट नाहीत ते. मॅनिफोल्ड इंजिनला धरून ठेवणारा स्टड तुटलाय.’

जुन्या पिकअपना ही खोड असते, हे मला नंतर इथल्या फिटरनेही सांगितलं. मॅनिफोल्ड तापतं, फुगतं, थंड होतं, आकसतं, आणि वर्षानुवर्षांच्या या ओढाताणीत टोकाचा स्टड तुटतो. तिथे जी फट राहते तिच्यातून थंड असताना गॅस बाहेर फुसफुसतो, तीच टिकटिक. लोखंड तापलं की फट आवळते, आवाज थांबतो, गळती पूर्ण थांबत नाही. सिलिंडरमधून धूर झटक्यांनी येतो आणि दोन झटक्यांच्या मध्ये पाइपातला दाब बाहेरच्या हवेपेक्षा खाली जातो, तेव्हा तीच फट बाहेरची हवा आत ओढते. सेन्सरला ऑक्सिजन दिसतो. तो कुठून आला हे त्याला कळत नाही. कॉम्प्युटरला वाटतं पेट्रोल कमी पडतंय, तो वाढवतो. जास्तीचं पेट्रोल आणि चोरटी हवा दोन्ही कन्व्हर्टरमध्ये जातात, आणि मागच्या सेन्सरचीही रेघ बिघडते. कोड मात्र कन्व्हर्टरच्या नावावर.

तपासायची रीतही मामानेच सांगितली. इंजिन थंड, सायलेन्सरच्या तोंडात व्हॅक्यूम क्लीनरची फुंकणारी बाजू फडकं लावून बसवायची आणि मॅनिफोल्डच्या जोडावर साबणाचं पाणी मारायचं. परत आल्यावर तसंच केलं. टॉर्चच्या उजेडात फायरवॉलकडच्या शेवटच्या पोर्टपाशी फेस आला, आणि त्याच्याच बाजूला, हेडवर (इंजिनच्या वरच्या भागावर), काजळीचा हातभर नाही पण बोटभर लांब काळा ओघळ. स्टडचं डोकं तिथे नव्हतंच.

तुटलेला स्टड काढणं हे घरी करायचं काम नव्हे. एका मेक्सिकन फिटरने स्टडच्या उरलेल्या तुकड्यावर नट वेल्ड केला, थंड होऊ दिला आणि पान्याने हळूहळू मागेपुढे करत बाहेर काढला. हेडमध्येच तुटला असता तर ड्रिल करावं लागलं असतं, मग खर्च वेगळा. नवे स्टड, नवं गॅस्केट धरूनही सगळं मिळून कन्व्हर्टरच्या अंदाजाच्या पावपटीत झालं.

बँक एकचा आकडा सोळावरून चारवर आला. कोड पुसला, मग हायवेवर एका वेगात बराच वेळ चालवून कन्व्हर्टरची तपासणी पूर्ण होऊ दिली. ती व्हायला वेळ लागतो, नुसतं बाजारात जाऊन येऊन होत नाही. लाइट आली नाही. गाडी पास झाली.

नवा ग्राफ मामाला व्हॉट्सॲपवर पाठवला. त्याने मागच्या रेघेवर लाल गोल करून परत पाठवला. रेघ आता नाचत नाही, पण सरळही नाही, मधूनमधून डुलते. इतके महिने जास्तीचं पेट्रोल पिऊन जाळीची ऑक्सिजन धरायची ताकद कमी झालीच आहे, ती परत येत नाही. पुढची परीक्षा निघेल, त्याच्या पुढची सांगता येत नाही, असं त्याचं मत. तोवर मंजूर कन्व्हर्टरचे भाव बघत राहा, आणि दर टाकीला डिपस्टिक काढून ऑइल लिहून ठेव, कारण आता ऑइल खायला लागली तर मात्र खरंच दोन हजार डॉलर तयार ठेव.