दिवे घाट, एका खांद्याच्या आधारानं

जानेवारी 2025 मध्ये पुण्यात सिंहगड रोड परिसरात जीबीएसची, म्हणजे गियाँ-बारे सिंड्रोम या नसांच्या आजाराची साथ आली, त्यात मीही सापडले. आधी तळपायांना मुंग्या. तिसऱ्या दिवशी जिना उतरताना गुडघ्यांतला जोरच गेला. आठवडाभरात अशी अवस्था, की पायाखाली फरशी आहे की गादी, तेही कळेना. आपलीच प्रतिकारशक्ती आपल्या नसांवर उठते, असं डॉक्टरांनी समजावलं. रात्री झोप लागायची नाही तेव्हा लहानपणी आजोबांकडून पाठ झालेला हरिपाठ पुटपुटायचे. हात उचलत नव्हता, पण जीभ हलत होती.

माउलीनं मला बरं केलं, असं मी म्हणणार नाही. इंजेक्शनांनी आणि फिजिओथेरपीनं बरं केलं. पाय परत आले, पण त्यांच्यावरचा भरवसा काही परत येईना. मे उजाडला तरी भाजी आणायला एकटी जायची हिंमत होत नव्हती. तेव्हाच मनाशी ठरवलं, दिवे घाट चढायचा, माउलींबरोबर.

भवानी पेठेतला दोन रात्रींचा मुक्काम आटोपून पालखी पहाटे निघते. हडपसरला वाटा फुटतात, तुकोबा लोणी काळभोरकडे, माउली सासवडकडे. दिवसभराची मजल साधारण 30 किलोमीटरची, ती मला झेपणारी नव्हती. रस्ता बंद व्हायच्या आत दादानं स्कूटरवरून वडकीला सोडलं. "नाही जमलं तर इथंच बस, मी येतो," एवढंच म्हणाला.

ज्येष्ठ वद्य एकादशी होती. लोक वारकऱ्यांच्या हातावर शेंगदाणे, केळी, राजगिऱ्याचे लाडू ठेवत होते. टाळांचा आवाज आधी आला, मग पताका दिसल्या. मी काठी घेऊन कडेकडेनं चालू लागले. पहिल्या वळणापर्यंत बरं चाललं. दुसऱ्या वळणावर मांड्या थरथरायला लागल्या आणि मी कठड्याला टेकले. खाली मस्तानी तलाव दिसत होता. दिंड्यांमागून दिंड्या पुढे जात होत्या. डोळ्यांत पाणी आलं. इथंच बसावं, दादाला फोन करावा, असं अगदी ओठांवर आलं होतं.

"काय झालं माउली?"

डोक्यावर तुळशीवृंदावन, पायात झिजलेली चप्पल, अंगठ्याला चिंधी बांधलेली. परभणीकडची एक आजी होती. मी सगळं सांगितलं. तिनं माझा हात उचलून स्वतःच्या खांद्यावर ठेवला. मी संकोचले. सत्तरीच्या बाईच्या खांद्यावर पन्नाशीतल्या मी भार टाकायचा?

तेवढ्यात खालून आरडाओरडा ऐकू आला. रथ येत होता. नेहमीच्या जोडीपुढे घाटासाठी जादा बैलजोड्या जुंपलेल्या. बैलांच्या तोंडाला फेस, माना खाली, खूर डांबरावर घसरत होते आणि दोन्ही बाजूंनी माणसं ओरडून त्यांना बळ देत होती. फुलांनी मढलेल्या रथात चांदीच्या पादुका होत्या. लोक वाकून नमस्कार करत होते. मी मात्र त्या खुरांकडेच बघत राहिले.

"बघ माय," आजी म्हणाली, "माउलीच्या रथाला बी घाटात जास्तीच्या जोड्या लागतेत. तुला एका खांद्याची लाज कशाची?"

उरलेला घाट मी त्या खांद्याला धरून चढले. दर दोनशे पावलांवर थांबत होतो. आजी घाई करत नव्हती. तिची दिंडी केव्हाच पुढे गेली होती. "मुक्कामाला गाठीन की," म्हणाली. मृदंगाची लय पायांत उतरली की पाच-पन्नास पावलं न मोजता पडायची. मग परत थरथर, परत "ज्ञानोबा माउली तुकाराम."

माथ्यावर पोचलो तेव्हा उन्हं उतरली होती. समोर सासवडकडचा सपाट मुलूख आणि अंगावर गार वारा. आजीनं वृंदावन सांभाळून खाली ठेवलं, पदराच्या गाठीतला राजगिऱ्याचा लाडू काढला आणि अर्धा माझ्या हातावर ठेवला. मग माझ्या पोटऱ्या दाबून पाहिल्या.

"दुखतेत का गं?"

"दुखतात आजी," मी म्हणाले. "दोन्ही दुखतात."