नानांना आलेला 'मानद डॉक्टरेट'चा मेसेज

मागच्या महिन्यात नानांचा (माझे वडील, रिटायर्ड प्राथमिक शिक्षक, वय 79) फोन आला, म्हणाले अरे मला डॉक्टरेट मिळतेय. आवाजात इतका आनंद होता की मी आधी अभिनंदनच करून टाकलं आणि मग म्हटलं नाना तो मेसेज जरा मला पाठवा. 'शैक्षणिक क्षेत्रातील आपल्या प्रदीर्घ योगदानाबद्दल मानद डॉक्टरेटसाठी आपली निवड झाली आहे', मोठ्या हॉटेलात सोहळा, गाऊन आणि टोपी मिळणार, आणि शेवटी नोंदणी शुल्क 15 हजार. संस्थेच्या नावात इंटरनॅशनल पण होतं आणि युनिव्हर्सिटी पण, पत्ता परदेशातला, पैसे मात्र इथल्या मोबाईल नंबरवर.

त्या रात्री मला झोप नाही लागली. 36 वर्षं खेड्यापाड्यात शिकवलेला माणूस, आपलं काम कुणीतरी पाहिलं एवढ्यासाठी तो पेन्शनमधून पैसे काढेल हे त्या लोकांना पक्कं ठाऊक असतं, आणि ह्याच गोष्टीची मला सगळ्यात जास्त चीड येते.

सकाळी फोन करून नानांना सांगितलं की मानद पदवी विद्यापीठच देऊ शकतं. आपल्याकडे 1956 च्या युजीसी (विद्यापीठ अनुदान आयोग) कायद्याप्रमाणे पदवी द्यायचा हक्क विद्यापीठांना आणि तसा अधिकार मिळालेल्या संस्थांनाच आहे, कुठल्या ट्रस्टला, फाउंडेशनला, कौन्सिलला नाही. आणि जिला सन्मान म्हणून पदवी द्यायची त्या व्यक्तीकडून फी कशी घेणार? 2023 मध्ये चेन्नईत तर एका खाजगी संस्थेने चक्क अण्णा विद्यापीठाचा हॉल घेऊन तिथे सिनेमातल्या नामवंत मंडळींना 'मानद डॉक्टरेट' वाटल्या, विद्यापीठाचा त्याच्याशी काही संबंध नव्हता, शेवटी विद्यापीठालाच पोलिसांत जावं लागलं. म्हणजे नावाजलेली माणसं फसतात तिथे आपल्या गावातल्या गुरुजींचं काय.

नाना थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, 'अण्णांना दिली होती ती खरी होती ना?'

अण्णा म्हणजे कर्मवीर भाऊराव पाटील. नाना रयतच्या बोर्डिंगात वाढलेले, त्यांच्यासाठी जगात अण्णा एकच. मी म्हटलं हो नाना, ती शंभर टक्के खरी. पुणे विद्यापीठाने 1959 मध्ये अण्णांना डी.लिट. ही मानद डॉक्टरेट दिली आणि त्याच वर्षी 9 मे ला अण्णा गेले. स्वतःचं शिक्षण इंग्रजी सहावीच्या आसपास थांबलेलं. 1919 ला कराडजवळ काले इथे रयत शिक्षण संस्था काढली, 1924 ला साताऱ्यात बोर्डिंग सुरू केलं आणि तिथे सगळ्या जातींची पोरं एकत्र राहायची, एका पंगतीत जेवायची. पोरांच्या धान्यासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, मंगळसूत्रसुद्धा. अशा माणसाची परीक्षा कुठलं विद्यापीठ घेणार, कुठल्या विषयात घेणार? मानद पदवी आहेच त्यासाठी, की आमच्या वर्गात न बसता, आमचा पेपर न देता ह्या माणसाने जे केलंय ते आम्ही विद्या म्हणून मान्य करतो. मला तर वाटतं त्या दिवशी मोठं झालं ते पुणे विद्यापीठ.

आणि अण्णांना त्या पदवीची नावापुढे गरज तरी कुठे पडली. कार्यक्रमपत्रिकेवर कुणी 'पद्मभूषण डॉ.' छापतं, ठीक आहे, पण साताऱ्यात बोलताना ते अण्णा नाहीतर कर्मवीरच.

बाबासाहेबांच्या बाबतीत लोकांची नेहमी गल्लत होते म्हणून इथेच लिहितो. त्यांच्या नावापुढचं डॉ. मानद नाही, कोलंबियाची पीएच.डी. आणि लंडनची डी.एस्सी. दोन्ही अभ्यास करून, प्रबंध लिहून मिळवलेल्या. मानद पदव्या नंतर आल्या, 1952 ला कोलंबियाची एलएल.डी. (कायद्यातली डॉक्टरेट) आणि 1953 ला उस्मानियाची डी.लिट. जिथे 1913 ला विद्यार्थी म्हणून गेले त्याच कोलंबियाने जवळपास चाळीस वर्षांनी राज्यघटनेच्या कामासाठी त्यांना बोलावून सन्मान केला, हे वाचताना माझ्या अंगावर आजही काटा येतो.

मानद पदवी मिळालेल्याने नावापुढे डॉ. लावावं का? माझं मत, लावू नये, फार तर नावानंतर 'डी.लिट. (मानद)' असं स्पष्ट लिहावं. प्राध्यापकाच्या नोकरीला ती चालत नाही, म्हणजे व्यवहारात तिला पीएच.डी.ची किंमत नाहीच, मग पाटीवर ती पीएच.डी.सारखी का दिसावी? माझ्या ओळखीत पाच-सहा वर्षं लायब्ररीत बसून, गावोगाव फिरून, घरच्यांची बोलणी खाऊन थिसिस पूर्ण केलेली माणसं आहेत, त्यांचं वाईट वाटतं. राहुल द्रविडला 2017 मध्ये बंगलोर विद्यापीठ मानद डॉक्टरेट देत होतं, त्याने आभार मानून नाही म्हटलं, खेळातच संशोधन करून मिळवायला आवडेल म्हणाला. त्याच्या आई प्राध्यापक, त्यांनी बरीच वर्षं खपून पीएच.डी. केलेली, घरात ते कष्ट पाहिलेल्या माणसाला हे सुचणारच.

खऱ्या विद्यापीठांकडूनही चुका होतात, पदावरच्या माणसाला, देणगीदाराला पदवी दिली की शंका येतेच. अमेरिकेत एमआयटी आणि स्टॅनफर्ड मानद पदवी देतच नाहीत. ब्रिटनमध्ये ऑक्सफर्डने 1985 मध्ये मार्गारेट थॅचर पंतप्रधान असताना मतदान घेऊन त्यांना पदवी नाकारली, 738 विरुद्ध 319, राग होता शिक्षणाच्या खर्चात केलेल्या कपातीचा. आपल्याकडे असं उघड मतदान झालेलं मला बघायला आवडेल. पण देणंच बंद करावं असं मी म्हणणार नाही, कारण मग उद्याच्या एखाद्या अण्णांना विद्यापीठाचं दार कुठून उघडणार.

तुमच्या घरातल्या कुणाला असा मेसेज आला तर पैसे भरायच्या आधी युजीसीच्या वेबसाइटवर विद्यापीठांची यादी बघा, बोगस विद्यापीठांची पण यादी तिथेच असते. आणि घरच्या माणसाला हसू नका प्लीज.

नानांनी परवा सांगितलं, अण्णांना पदवी मिळाली तेव्हा ते तेरा वर्षांचे होते, प्रार्थनेनंतर हेडमास्तरांनी सगळ्यांना सांगितलं आणि पोरांनी खूप वेळ टाळ्या वाजवल्या, डी.लिट. म्हणजे काय हे एकालाही माहीत नव्हतं. मग त्यांनी मला समोर बसवून त्या नंबरला उत्तर टाइप करायला लावलं. 'आपला प्रस्ताव मला मान्य नाही. कळावे.' आणि खाली पूर्ण नाव, त्याच्यापुढे 'प्राथमिक शिक्षक'.