टॅक्सेशन शिकायचं ठरवलं, पण कोर्स कुठला? माझा अनुभव (वेंगुर्ला)

बारावी कॉमर्स झाली, मग लग्न, मग मुलगा, आणि आता तो शाळेत जायला लागल्यावर मी इथे जवळच एका काजू कारखान्याच्या ऑफिसात खरेदीची बिलं आणि रजिस्टर बघते. तिथेच जीएसटीची गोडी लागली आणि ठरवलं की हे रीतसर शिकायचंच. आमच्या भागातल्या बऱ्याच मुली मला विचारतायत की कोर्स कसा निवडलास, म्हणून सगळं एकदाच लिहून टाकते.

सगळ्यात आधी मी फी नाही बघितली, शिकून मला पुढे काय करायचंय ते ठरवलं. मला पुढे स्वतः लोकांचे रिटर्न भरून द्यायचेत, म्हणजे जीएसटी प्रॅक्टिशनर व्हायचंय. आता त्याचा नियम असा आहे की कॉमर्स, लॉ, बँकिंग किंवा बिझनेस मॅनेजमेंटची मान्यताप्राप्त विद्यापीठाची डिग्री लागते (किंवा मग सीए, सीएस म्हणजे कंपनी सेक्रेटरी, सीएमए म्हणजे कॉस्ट अकाउंटंट), त्यावर नोंदणी आणि मग नॅसिनची (केंद्र सरकारची कस्टम्स-जीएसटीची प्रशिक्षण संस्था) परीक्षा, १०० प्रश्न, २०० मार्क, अडीच तास, पास व्हायला ५० टक्के, निगेटिव्ह मार्किंग नाही. इन्कम टॅक्स प्रॅक्टिशनरलाही कॉमर्स किंवा लॉची डिग्री चालते. हे कळल्यावर अर्धी यादी आपोआप कटली, कारण नुसता डिप्लोमा कितीही चांगला असला तरी बारावीवर त्याने हे दार उघडत नाही.

आणि जाहिराती तर काय, मोबाईल उघडला की "सहा महिन्यांत टॅक्स कन्सल्टंट व्हा, नोकरीची हमी". एका क्लासला मी फोन करून सरळ विचारलं, हा डिप्लोमा कुठल्या विद्यापीठाचा, तर "मॅडम आमचं सर्टिफिकेट इंटरनॅशनल आहे", एवढंच तीनतीनदा. फी हप्त्याने भरा म्हणे. मला ह्याचा मनापासून राग येतो, कारण आमच्याकडची माणसं सोनं गहाण ठेवून मुलांची फी भरतात.

मग डिग्रीचे पर्याय. रेग्युलर बीकॉम अनुदानित तुकडीत मिळालं तर त्याच्याइतकं स्वस्त काही नाही, बारावीनंतर लगेच शिकणाऱ्या मुलांना मी तेच सांगते. बीएएफ म्हणजे अकाउंटिंग अँड फायनान्सला टॅक्सचे विषय जास्त खोलवर असतात, पण तो सेल्फ फायनान्स, फी बरीच जास्त, आणि कॉलेज लांब असेल तर खोली, मेस, एसटीचा पास हे धरून हिशोब करा, नुसती फी बघून काही कळत नाही. भाऊ म्हणाला सीए कर ना, बारावीवर फाउंडेशन देता येते. येते, पण त्यात पुढे दोन वर्षांची आर्टिकलशिप (सीएच्या हाताखाली प्रत्यक्ष काम) आहे आणि घर, नोकरी, मुलगा सांभाळून ते मला आत्ता जमणारं नाही.

मला रोज कॉलेजला जाणं शक्यच नाही म्हणून मुक्त शिक्षण. इग्नू आणि आपलं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ, दोन्ही बघितली. इथे एक गोष्ट नीट तपासा, विद्यापीठ आणि तो विशिष्ट कोर्स यूजीसीच्या डिस्टन्स एज्युकेशन ब्युरोच्या यादीत त्या वर्षासाठी आहे का. अभ्यास केंद्रावर तर स्वतः जाऊन या. एका केंद्रावर मी विचारलं की संपर्क सत्रं (केंद्रावर होणारे तास) कधी असतात, तर तिथल्या माणसाला तो शब्दच नवीन होता, दुसऱ्या केंद्रावर वेळापत्रक भिंतीवर लावलेलं आणि बाईंनी गेल्या वर्षीच्या प्रश्नपत्रिकाही दाखवल्या. मी मुक्त विद्यापीठाचं बीकॉम आणि हे दुसरं केंद्र घेतलं.

पण बीकॉमने रिटर्न भरायला हात बसत नाही, हे आमच्या बाजारातल्या टॅक्सवाल्या काकांनी आधीच सांगितलेलं. त्यांचे शब्द, "गो बाय, सर्टिफिकेट कोण बघता, रिटर्न भरूक येता काय ता लोक बघतत." म्हणून जोडीला एक छोटा प्रॅक्टिकल क्लास शोधत होते, आणि तिथे मी प्रत्येकाला आमच्या काजूचाच प्रश्न विचारला. शेतकऱ्याकडून न सोललेली काजू बी कारखानदाराने घेतली तर जीएसटी कोण भरणार? उत्तर असं की शेतकरी नाही, नोंदणी असलेला कारखानदारच रिव्हर्स चार्जने (म्हणजे विकणाऱ्याऐवजी घेणारा) भरतो, ५ टक्के, तोही रोखीने कॅश लेजरमधून (जीएसटी पोर्टलवरचं आपलं पैशांचं खातं), क्रेडिट म्हणजे आधीच्या खरेदीवरच्या कराची वजावट वापरून नाही, आणि मग त्याचं क्रेडिट घेतो. एका ठिकाणी सर "ते पुढच्या मॉड्यूलला आहे" म्हणाले. कुडाळच्या सरांनी तिथल्या तिथे ३बी (जीएसटीचा रिटर्न फॉर्म) उघडून दाखवलं, हे बघ, कर ३.१ च्या ड मध्ये आणि क्रेडिट ४ अ च्या तिसऱ्या ओळीत, आणि सेल्फ इनव्हॉइस (घेणाऱ्याने स्वतःच बनवायचं खरेदीचं बिल) करायला विसरायचं नाही. तिथेच नाव घातलं. तुम्ही पण तुमच्या धंद्यातला प्रश्न घेऊन जा, होमस्टे असो, होडी असो, आंब्याचा पल्प असो.

दुसरा प्रश्न पुस्तकांचा. इन्कम टॅक्स ॲक्ट २०२५ हा १ एप्रिल २०२६ पासूनचा कायदा, १९६१ चा जुना गेला, कलमांचे नंबर बदलले, प्रीव्हियस इयर (कमाईचं वर्ष) आणि असेसमेंट इयर (त्या कमाईच्या कराचा हिशोब होणारं पुढचं वर्ष) यांच्या जागी एकच टॅक्स इयर आलं. जीएसटीचे दरही २२ सप्टेंबर २०२५ पासून बदललेत. जुन्या नोट्स झेरॉक्स करून देणाऱ्या क्लासला पैसे देऊ नका, अगदी स्वस्त असला तरी.

डिग्रीनंतर मला जीडीसी अँड ए पण द्यायचीय. सहकारी संस्थांच्या ऑडिटसाठीचा हा सरकारी डिप्लोमा, नंतर ऑडिटचा अनुभव घेऊन पॅनलवर (सरकारच्या ऑडिटरांच्या यादीत) येता येतं, आणि आमच्याकडे मच्छीमार सोसायट्या, पतपेढ्या, विकास सोसायट्या काय कमी आहेत? इथे राहून करण्यासारखं काम आहे हे.

आणि लग्न झालेल्या बायकांनी एक काम आजच करा. मुक्त विद्यापीठाच्या प्रवेशाला डीईबी आयडी (त्याच डिस्टन्स एज्युकेशन ब्युरोचा नंबर) लागतो, त्यासाठी एबीसी आयडी (अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स, म्हणजे विद्यार्थ्याचं मार्क-क्रेडिट जमा होणारं ऑनलाइन खातं), आणि तो आधारवरून निघतो. आधारवर सासरचं नाव आणि बारावीच्या मार्कशीटवर माहेरचं, असं असेल तर अर्ज अडकू शकतो. मॅरेज सर्टिफिकेट काढून ठेवा, केंद्रावर आधीच विचारा की त्यांना कुठला पुरावा चालतो, ॲडमिशनची शेवटची तारीख आल्यावर ही धावपळ नको.