भाडेकरूचं नाटक आणि आमचं संमेलन

वाईत कृष्णाबाईचा उत्सव आळीआळीने फिरून संपला, घाटावरचे मांडव उतरले, की आमच्या नाट्यमंडळाला वार्षिक संमेलनाचे वेध लागतात. लग्नतिथी नसलेला एखादा शनिवार-रविवार धरायचा, कारण मंगल कार्यालय तेव्हाच परवडतं. नटराजपूजन, दीपप्रज्वलन, अहवालवाचन, पाहुण्यांचा परिचय (तो पाहुण्यांनीच लिहून पाठवलेला असतो), देणगीदारांची यादी. यावर मी लिहीत नाही. दरवर्षी तेच असतं आणि दरवर्षी ठरल्यापेक्षा लांबतं. माझी जागा तोवर डाव्या विंगेत ठरलेली असते. लाकडी स्टूल, मांडीवर संहिता, हातात छोटी बॅटरी. शाळेतून निवृत्त झाले तरी या मंडळाची प्रॉम्प्टर, म्हणजे अडलेल्या नटाला विंगेतून ओळ सांगणारी, मीच आहे.

ओळ काय, कुणीही सांगेल. नट विसरलाय की थांबलाय, हे ओळखायला मात्र वर्षं जातात. विसरलेला नट उगाच खुर्ची सरकवतो, नाहीतर रुमाल शोधतो. थांबलेला समोरच्याकडे बघत राहतो. मला आमच्या संमेलनात सगळ्यांत जास्त काय आवडतं विचाराल, तर हौशी नटाने घेतलेला असा एखादा खरा पॉज. दुसरं म्हणजे सत्काराला दिलेलं उत्तर. पाहुण्यांचं नव्हे, आम्ही दरवर्षी पडद्यामागच्या एका माणसाला शाल-नारळ देतो, त्याचं. या माणसांना भाषण येत नसतं, म्हणून ती बोलतात ते ऐकावंसं वाटतं.

2019 च्या मार्चमधल्या संमेलनात आम्ही जी एकांकिका केली तिला नाव होतं, पण गावात ती ‘भाडेकरूचं नाटक’ म्हणूनच ओळखली जाते. लेखक आमचाच, औषधांच्या दुकानात बसणारा, माझा विद्यार्थी. बायको गेल्यावर मुलीला त्याने एकट्याने वाढवलं. त्यामुळे गोष्ट कळल्यावर लोकांनी त्याला आडून आडून विचारलं, ‘हे तुझंच की काय?’ तो म्हणायचा, ‘मी भाडेकरू ठेवत नाही.’ पुढे कुणाला बोलता यायचं नाही.

गोष्ट सांगायला सोपी आहे. तालुक्याच्या गावातला फोटो स्टुडिओवाला, विधुर, पाचवीतली मुलगी. मावशी दर रविवारी नवीन स्थळ घेऊन येते. एका रविवारी तो वैतागून म्हणतो, ‘मला बायको नको. माझं एका पुरुषावर प्रेम आहे.’ मावशीला घेरी येईल आणि विषय कायमचा मिटेल, हा त्याचा हिशोब. मावशी पदर खोचते आणि म्हणते, ‘बरं. मग पुढच्या रविवारी जेवायला आण. मटण खातो ना?’ आता आली पंचाईत. वरच्या खोलीत बँकेतला एक कारकून बदलीवर येऊन राहिलाय. त्याच्याशी सौदा होतो. एका जेवणापुरतं प्रेमाचं नाटक करायचं, त्या महिन्याचं भाडं माफ.

खोटी बायको उभी करून घरमालकाला नाहीतर काकाला फसवायचं, हा मराठी फार्सचा जुनाच धंदा. इथे बायकोच्या जागी भाडेकरू आला एवढंच. आणि मेणवलीच्या घाटावर हिंदीवाल्यांची शूटिंगं बघत मोठे झालेले वाईकर खोट्या लग्नांना, खोट्या भांडणांना कधीचे सरावलेत. पण या खोट्याला ते सरावले नव्हते. कार्यकारिणीच्या सभेत संहिता वाचून झाल्यावर बराच वेळ कुणी चहाला हात लावला नाही. मग एका ज्येष्ठांनी विचारलं, ‘हे कायद्यात बसतं का?’ लेखक म्हणाला, ‘बसतं. 6 सप्टेंबर 2018 ला सुप्रीम कोर्टात कलम 377 चा, समलिंगी संबंध हा गुन्हा नाही असा निकाल लागला तेव्हापासून. पाच न्यायाधीश होते आणि पाचांचंही एकमत झालं.’ ‘आपल्याकडे पाचांचं कधी झालंय?’ असं कोपऱ्यातून कुणीतरी पुटपुटलं, सगळे हसले, आणि त्या हसण्यातच ठराव पास झाला. संहिता रीतसर परिनिरीक्षण मंडळाकडे गेली (आम्ही अजून सेन्सॉरच म्हणतो) आणि तिकडूनही सुखरूप आली.

तालमी शाळा सुटल्यावर, रात्री आठनंतर. स्टुडिओवाला झाला होता सायकल दुकानवाला, भाडेकरू झाला होता पोस्टातला एक अबोल मुलगा. मावशी खानावळवाल्या काकू, त्यांना मटणाच्या वाक्याची तालीम लागलीच नाही. मुलीचं काम लेखकाच्याच मुलीने केलं.

जेवणानंतरचा प्रवेश मी कितीही वेळा सांगेन. मावशीला पुराव्यासाठी दोघांचा एकत्र फोटो हवा असतो. स्टुडिओवाला भाडेकरूला स्टुलावर बसवतो. गिऱ्हाइकाला करतो तशी त्याची कॉलर नीट करतो, दोन बोटांनी हनुवटी किंचित खाली घेतो. संहितेत पुढचं वाक्य ‘थोडं हसा’. तालमीत तो ते पटकन म्हणून मोकळा व्हायचा. दोघांनाही अवघडल्यासारखं व्हायचं. प्रयोगाच्या रात्री त्याची बोटं हनुवटीपाशी गेली आणि तिथेच राहिली. वाक्य आलं नाही. बॅटरीचा उजेड माझ्या ‘थोडं हसा’वर, आणि मी तोंड मिटून बसलेली. तो समोरच्याकडे बघत होता ना! मागून कुणीतरी ओरडलं, ‘अरे, विसरला!’ कार्यालयात हशा उठायच्या बेतात होता, तेवढ्यात मुलगी, ते वाक्य संहितेत कुठेच नव्हतं, म्हणाली, ‘बाबा, थांबा घाई नाही. रोल संपलेला नाही.’ हशा आला, पण वेगळा आला. उजव्या विंगेत लेखक उभा होता. त्याने चष्मा काढला.

शेवटी भाडेकरू भाड्याचे पैसे मोजून टेबलावर ठेवतो. ‘आपलं ठरलं होतं ना, माफ,’ असं मालक म्हणतो. तो म्हणतो, ‘नाटक केलं असतं तर माफ.’ पडदा.

आता हजेरीबद्दल. पुढच्या दोन रांगा निमंत्रितांच्या, खुर्च्यांवर नावं चिकटवलेली. विषयाचा बोभाटा आधीच झाला होता, त्यामुळे त्यातल्या निम्म्याहून अधिक रिकाम्या राहिल्या. कुणाला ताप होता, कुणाकडे पाहुणे आले होते, एकांना म्हणे पाचगणीला जावं लागलं. घंटा झाल्यावर मीच विंगेतून बाहेर येऊन मागे उभ्या असलेल्या बायकांना पुढे बसवलं. आज विचाराल तर सगळे सांगतात, आम्ही होतो की! मी त्या रांगांकडे विंगेतून बघत होते. कोण होतं ते मला चांगलं माहीत आहे.

2020 चं संमेलन मार्चच्या पहिल्या आठवड्यात झालं म्हणून झालं; महिना संपायच्या आत देश बंद. त्या वर्षी सत्कार अण्णांचा होता. अण्णा म्हणजे आमचे सुतार, दर वर्षीचा सेट त्यांचा. त्यांनी भाडेकरूच्या नाटकाचा सेट आधी करणार नाही म्हणून सांगितलं होतं, मग चार दिवसांनी फळ्या घेऊन आले, का ते कुणी विचारलं नाही. शाल पांघरून माईकसमोर उभे राहिले आणि म्हणाले, ‘मला सांगितलं होतं, खाली स्टुडिओ करा, वर भाडेकरूची खोली करा. भाडेकरू बाहेरून येतो-जातो. तसं मी केलं. मग रंगीत तालीम बघितली. घरी गेलो, झोप लागेना. सकाळी येऊन मधे जिना घातला. लेखकाने सांगितला नव्हता. जायला-यायला वाट नको का?’ एवढं बोलून ते खाली उतरले. नारळ तिथेच राहिला, तो नंतर त्यांच्या घरी पोचवला.

त्या पाच पायऱ्यांपायी दिग्दर्शकाला प्रयोगाच्या दिवशी सगळ्या हालचाली बदलाव्या लागल्या होत्या आणि तो अण्णांवर दिवसभर धुसफुसत होता, हे मला तेव्हा आठवलं. फोटोच्या प्रवेशाला भाडेकरू त्याच जिन्याने खाली आला होता.

2024 मधे नाटक पुन्हा केलं, या वेळी मुलगी बदलून. आधीची पुण्याला कॉलेजात गेली होती. मधल्या काळात समलिंगी लग्नांवरचा सुप्रीम कोर्टाचा 17 ऑक्टोबर 2023 चा निकाल आला होता. लग्नाचा प्रश्न कोर्टाने कायदेमंडळावर सोडला होता, आणि अशा जोडप्याला मिळून मूल दत्तक घेता यावं की नाही यावर पाच न्यायाधीशांत 3 विरुद्ध 2 असे तट पडून नकार आला होता. मावशी ‘मग लग्नाचं काय?’ विचारते तिथलं भाडेकरूचं जुनं उत्तर आता चालेना. लेखकाने वाक्य मावशीलाच दिलं. ती पेपर घडी करून ठेवते आणि म्हणते, ‘संसद बसेल तेव्हा बसेल. तुम्ही आधी पानावर बसा.’ टाळी अशी पडली की पुढची दोन वाक्यं ऐकूच आली नाहीत. दत्तकाचं त्याने बोलून दाखवलंच नाही. मुलगी प्रगतिपुस्तक भाडेकरूपुढे धरते, तो खिशातलं पेन काढतो, टोपण उघडतो आणि पेन बापाच्या हातात देतो. एवढंच.

आता माणसं, कारण कुणी राहिलं तर वर्षभर ऐकावं लागतं. पडदा ओढणारे दोघे भाऊ. डिमरवर बसणारा वायरमन, त्याने भर लोडशेडिंगमधे जनरेटर स्वतःच्या टेम्पोत घालून आणला. रंगभूषा करणारे काका, त्यांचा पाय मोडला होता तरी आले. पेटीवाल्या ताई, नांदीपासून पडद्यापर्यंत. खरा जुना कॅमेरा आणि तिपाई देणारे स्टुडिओवाले, ज्यांनी ‘आमच्यावर तर नाही ना नाटक?’ एवढंच विचारलं. तालमीला शाळेचा वर्ग उघडून देणारे शिपाईमामा. रोज रात्री चहा पाठवणारं टपरीवरचं कुटुंब. पावतीपुस्तक घेऊन उन्हात फिरलेली कॉलेजची चार पोरं. त्यातल्या एकाला एका बंगल्यावर काय ऐकावं लागलं ते तो अजून मला सांगत नाही. मटणाच्या भांड्यांसाठी खानावळ, भांडी खरी आणि वासही खरा. खुर्च्या पुसणाऱ्या मावशी. पोस्टातल्या मुलाची आई, जी पहिल्या प्रयोगाला आली नाही आणि 2024 ला आली.

यंदा पुढच्या दोन रांगांवर नावं चिकटवायची नाहीत, जो आधी येईल तो बसेल, असा ठराव मी मांडलाय. दोन सभा झाल्या, अजून पास व्हायचाय.