केअर ऑफ ५६ ए.पी.ओ.

(माजी विद्यार्थी, एस.एस.सी. मार्च १९७७)

१९७१ च्या डिसेंबरात मी पाचवीत होतो. ३ तारखेला लढाई सुरू झाली आणि लालबाग-परळच्या चाळींतल्या खिडक्यांना काळे कागद लागले. मोटारींचे दिवे अर्धे काळे रंगवले गेले. भोंग्याचं आम्हा पोरांना काही विशेष नव्हतं, गिरण्यांच्या भोंग्यांवरच आम्ही उठायचो-झोपायचो. पण हा भोंगा वर-खाली व्हायचा, आणि तो झाला की आई पेटता स्टोव्हसुद्धा विझवायची. १६ तारखेला ढाक्यात शरणागती झाली. त्यानंतर शाळेत पेढे वाटले की नुसती साखर, यावर आमच्या तुकडीत अजून एकमत नाही.

लढाई संपली तरी फौजा सीमेवरच होत्या. सिमला करार व्हायला पुढच्या वर्षीचा जुलै उजाडला आणि पश्चिमेकडचं सैन्य मागे यायला ते अख्खं वर्ष गेलं. आम्हाला यातलं काय कळणार? मराठीच्या बाईंना मात्र कळत होतं, त्यांचा धाकटा भाऊ पलटणीत होता. नाताळची सुटी संपल्यावर त्यांनी वर्गात सांगितलं की या संक्रांतीला तिळगूळ जवानांना पाठवायचा. प्रत्येकाने घरून जमेल ती एक वस्तू आणायची, आणि पत्र स्वतः लिहायचं. फळ्यावर त्यांनी एक अक्षर लिहून दिलं नाही. पत्र कसं लिहायचं असं विचारणाऱ्याला त्या म्हणाल्या, "मामाला लिहितोस तसं." त्यामुळे कोणी चाळीतल्या नळावरच्या भांडणाचं लिहिलं, कोणी आजीच्या मोतीबिंदूचं. एकाने तर नुकत्याच लढून आलेल्या माणसाला "तिळगूळ घ्या, गोड बोला" असं बजावलं, त्यावर बाई डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या.

टेबलावर जमलेल्या वस्तू पाहण्यासारख्या होत्या. अंगाच्या साबणाच्या वड्या, बिस्किटांचे पुडे, विड्याची सुपारी, पत्त्यांचा जोड, एक भोवरा. आयांनी विणलेल्या कानटोप्या निम्म्या लहान मुलांच्या मापाच्या निघाल्या. मुंबईच्या बायका लोकर विणणार ती बाळंतविड्यासाठी, त्यांच्या सुयांना मोठ्या डोक्याची सवय कुठून असणार? भोवरा काढून टाका असं कोणीतरी म्हणालं. बाईंनी तो जाळीसकट आत ठेवला.

पार्सल शिवलं पी.टी.च्या सरांनी. माझे वडील गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर, होते, त्यांनी मांजरपाटाचा तुकडा आणला होता. सरांनी खोकं कापडावर पालथं घातलं, कडा आत मुडपल्या आणि दाभणात दुहेरी दोरा ओवून चार-चार बोटांवर गाठ मारत शिवण नेली. मधला दोरा तुटला तरी पुढची शिवण उसवू नये म्हणून त्या गाठी. मग मेणबत्तीवर लाख वितळवून प्रत्येक गाठीवर थेंब पाडला आणि त्यावर स्काउटच्या गणवेशाचं पितळी बटण दाबलं. मी खिशातलं दहा पैशांचं नाणं पुढे केलं, तर म्हणाले, "नाणं चालत नाही. नाणं कोणाच्याही खिशात असतं." विमा उतरवलेल्या टपालाच्या लाखेवर चालू नाण्याचा ठसा चालत नाही, हा पोस्टाचा नियमच आहे. पुढे नोकरीत तो नियम मी पाठ केला, पण पटला होता तो त्या दिवशीच.

महिन्याभराने आमच्या वर्गातल्या एका मुलीच्या नावावर कार्ड आलं. हिंदीत, पेन्सिलीने लिहिलेलं. तिळगूळ मिळाला, टोपी लहान होती ती लंगरच्या, म्हणजे फौजेच्या स्वयंपाकघरातल्या, मांजराला झाली, आणि शेवटी एक मागणी: "सुई-धागा हो तो भेजना." लढाईवरच्या माणसाने सुई मागावी हे आम्हाला फारच कमीपणाचं वाटलं. आम्ही तोफा-रणगाड्यांची चित्रं काढून पाठवली होती! सरांनी विचारलं, "बटण तुटलं तर तिथे कोण शिवून देणार, तुझी आई?" पुढचं पार्सल सुयांच्या पाकिटांचं, हिरव्या दोऱ्याच्या रिळांचं आणि बटणांचं गेलं. भोवऱ्याचं काय झालं ते कधी कळलं नाही.

मॅट्रिकनंतर काही वर्षं इकडेतिकडे करून मी १९८१ साली पोस्टात चिकटलो. पुढच्याच जानेवारीत गिरण्यांचा संप झाला आणि घरात माझा एकट्याचा पगार उरला. त्या काळाबद्दल इथे लिहीत नाही. माझी बरीच वर्षं बोरीबंदरच्या जीपीओत गेली. १९१३ साली पुरी झालेली ती इमारत विजापूरच्या गोलघुमटावर बेतलेली आहे हे शाळेच्या सहलीत सांगितलं होतं, त्याच घुमटाखाली पार्सलं तोलायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं. बाहेर पदपथावर पार्सलं शिवून देणारे बसत. त्यांच्या हातातलं दाभण आमच्या सरांपेक्षा वेगाने चालायचं, पण गाठी विरळ.

लष्करी डाक सेवेसाठी नावं मागवणारं परिपत्रक आलं तेव्हा मी नाव दिलं. पुष्कळांना माहीत नसतं म्हणून सांगतो: फौजेच्या पोस्टातली बरीचशी माणसं टपाल खात्यातूनच प्रतिनियुक्तीवर जातात, वर्दी चढवतात आणि मुदत संपली की परत आपल्या खिडकीवर येऊन बसतात. फौजेबरोबर पोस्ट पाठवण्याची रीत जुनी आहे. १८५६ साली इराणातल्या बुशेहरवर फौज गेली तिच्यासोबत पोस्टही गेलं, आणि ती फौज निघाली होती आपल्या मुंबईहून. स्वतंत्र दल म्हणून लष्करी डाक सेवा उभी राहिली १ मार्च १९७२ला, म्हणजे आमची सुयांची पाकिटं वाटेत असतील-नसतील तेव्हा. तिचं केंद्र नागपूरजवळ कामठीला. बर्फात टपाल कसं न्यायचं ते मी कामठीच्या उन्हात शिकलो. दलाच्या चिन्हावर उडता हंस आहे, नल-दमयंतीच्या गोष्टीतला निरोप्या. बाईंनी तो हंस वर्गात इतका रंगवून सांगितला होता की टोपीवर तो बघून मला घरचंच कोणी भेटल्यासारखं झालं.

फौजेच्या पत्त्यात गाव नसतं. क्रमांक, हुद्दा, नाव, पलटण आणि 'केअर ऑफ ५६ ए.पी.ओ.' (आर्मी पोस्ट ऑफिस), पूर्वेकडे असेल तर ९९. पिनकोड ९ ने सुरू होतो. ५६ चं सगळं टपाल आधी दिल्लीच्या तळ डाकघरात जातं, ९९ चं कोलकात्याला. कोणती पलटण आज कुठे आहे हे तिथल्यांना ठाऊक. पलटण हलली तरी पत्ता बदलत नाही, आणि पाकीट चुकीच्या हाती पडलं तरी पलटण कुठे आहे ते कळत नाही. म्हणूनच पत्त्यात आपल्या मनाने 'कारगिल' किंवा 'सियाचीन' असं घालू नये. भावनेच्या भरात लोक घालतात.

१९९९ च्या उन्हाळ्यात मी काश्मिरातल्या एका फील्ड पोस्ट ऑफिसात होतो. कारगिलच्या लढाईबद्दल मी बोलू नये, मी पोस्टवाला. पण डाकेचं सांगू शकतो. २६ जुलैला 'ऑपरेशन विजय' यशस्वी झाल्याचं जाहीर झालं आणि ठीक महिन्याने, २६ ऑगस्टला, राखीपौर्णिमा होती. थैल्यांमागून थैले आले. ज्यांच्यावर पलटणीचं नाव होतं ती पाकिटं लावली की पलटणींचे डाकवाले येऊन घेऊन जात. नुसतं 'भारताच्या वीर जवानांना' लिहिलेली वेगळी काढून जिकडे गाडी जाईल तिकडे वाटून द्यायची. स्पंजची मोठाली फुलं लावलेल्या राख्या तेव्हा चालायच्या, त्या पाकिटांना बाक आणायच्या. पौर्णिमा उलटून आठवडे गेले तरी राख्या येतच होत्या आणि जवान त्या बांधतच होते. एका सुभेदारसाहेबांच्या मनगटापासून कोपरापर्यंत राख्याच राख्या होत्या, वर घड्याळाला जागा नाही.

मग दिवाळीची खोकी आली, आणि त्यात महाराष्ट्राची कोणती हे उघडायच्या आधी वासावरून कळायचं. त्या वर्षी दिवाळी ७ नोव्हेंबरला होती. द्रासच्या वाटेवरची झोजिला खिंड साडेअकरा हजार फुटांच्या वर. त्या सुमारास तिथे बर्फ पडायला लागतं आणि एकदा रस्ता बंद झाला की तेव्हा वसंतापर्यंत उघडत नसे. म्हणजे वसुबारसेला मुंबईत टाकलेलं खोकं द्रासच्या माणसाला होळी उलटल्यावरच मिळायचं. ज्यांनी दसऱ्याच्या आधी टाकलं त्यांचं वेळेवर पोहोचलं.

काय पोहोचतं आणि काय नाही, यावर माझा जन्मभराचा अभ्यास आहे, तेवढा फुशारकीचा हक्क मला द्या. शंकरपाळे पोहोचतात. बेसनाचे लाडू पोहोचतात, एकमेकांना चिकटून मोठा गोळा झाला तरी चवीला फरक नाही. चकलीचा भुगा होतो, पण तो लंगरच्या डाळभातावर पेरून खाताना मी पलटणीतले मल्याळी आणि पंजाबी लोक पाहिलेत. करंजी मात्र पाठवू नका. ओल्या नारळाची असेल तर बुरशी, सुक्या खोबऱ्याची असेल तर फुटून सारण सगळ्या पत्रांना लागतं. काचेच्या बरणीत लोणचं म्हणजे तर शेजारच्या चार पार्सलांचाही घात. फराळाच्या शेजारी साबण कधीही ठेवू नये, महिनाभर बंद खोक्यात राहिल्यावर साबणाच्या वासाचा चिवडा होतो. माझ्या टेबलावर तो कोणीतरी अगत्याने पुढे केला आणि मी तो खाल्ला, नाही म्हणणार कसं?

खाण्यापलीकडच्या वस्तूंत सगळ्यात जास्त हात पडायचे ते थंडीच्या मलमावर, लोकरी मोज्यांवर आणि सुया-दोऱ्यावर. आणि दिवाळी अंकावर. जाड, जड, पाठवायला महाग, पण एक अंक अख्ख्या पलटणीतले मराठी जवान बुखारीभोवती, म्हणजे खोली गरम ठेवणाऱ्या शेगडीभोवती, बसून फाटेपर्यंत वाचत. ज्यांना मराठी येत नसे ते व्यंगचित्रं बघत आणि अर्थ विचारून विचारून भंडावून सोडत.

पत्रांबद्दल मात्र मला जरा रागाने लिहावंसं वाटतं. शाळाशाळांतून गठ्ठे यायचे. उघडलं की पन्नास मुलांची पन्नास पत्रं एकसारखी: 'प्रिय जवानकाका, तुम्ही रात्रंदिवस जागता म्हणून आम्ही सुखाने झोपतो.' फळ्यावरून उतरवलेलं लगेच कळतं, चुकासुद्धा सारख्या. जवान ती वाचायचे, घडी घालून ठेवायचे, बस्स. पण त्याच गठ्ठ्यात एखादं वेगळं निघायचं. परळच्या एका मुलाने लिहिलं होतं की हिंदमाताला इतकं पाणी भरलं की बाबांनी त्याला खांद्यावर घेतलं आणि एक चप्पल वाहून गेली, आता नवी गणपतीनंतरच मिळणार. राजस्थानातल्या एका नायकाच्या वाट्याला ते गेलं. त्याने ते माझ्याकडून हिंदी करून घेतलं. रस्त्यावर गुडघाभर पाणी ही गोष्ट त्याला खोटीच वाटत होती. दुसऱ्या दिवशी तो आणखी दोघांना घेऊन आला, "साब, वो चप्पलवाला फिर से पढ़ो." पुढे त्याने उत्तर लिहिलं, त्यात आपल्या गावच्या विहिरीचं आणि उंटाचं वर्णन होतं. पाकिटाला डिंक लावायला तो माझ्याच टेबलावर बसला होता.

निवृत्तीनंतर परत लालबागला आलो. गिरण्यांच्या जागी टॉवर, पण शाळा आहे तिथेच. आमच्या तुकडीचा दर दिवाळीआधी खोकी पाठवण्याचा उद्योग चालतो. ओळखीच्या पलटणींचे पत्ते आहेत. नवीन कोणाला पाठवायचं असेल तर आधी आपल्या जिल्ह्याच्या सैनिक कल्याण कार्यालयात विचारावं, ते रस्ता दाखवतात. ७ डिसेंबरच्या ध्वजदिनाचा निधीही तिथेच गोळा होतो. आपल्या वेळी छातीवर कागदी झेंडे टोचायचो, तोच. आता मोबाइल आहेत, व्हिडिओ कॉल आहेत, मग खोकी कशाला, असं विचारणारे भेटतात. ज्याच्या चौकीवर रेंज असते तो बोलतोच. बाकीचे डाकेची वाट बघतात, आणि रेंज असलेलेही बघतात.

मागच्या वर्षापासून दहावीची मुलं भरायला मदत करतात. खोकं आता पुठ्ठ्याचं, त्यावर चिकटपट्टी, दाभण कोणाला धरता येत नाही, ते असो. पत्रं ती स्वतः लिहितात, फळ्यावर काही लिहून देणार नाही एवढं मी मुख्याध्यापिकाबाईंकडून कबूल करून घेतलंय. या खेपेला यादीत त्यांनी लायटर, अंगाला मारायचे फवारे आणि पॉवर बँक असं लिहिलं होतं. ज्वालाग्राही वस्तू टपालात चालत नाहीत म्हटल्यावर पहिल्या दोन गोष्टी निमूटपणे काढल्या. पॉवर बँकेवर मात्र अडून बसली. जवानकाकांना तीच सगळ्यात जास्त हवी असेल, म्हणाली. असेलही. पण विमानाने जाणाऱ्या डाकेत सुटी लिथियम बॅटरी घालून अख्खं खोकं अडकवून घ्यायला मी तयार नव्हतो. शेवटी तिच्या जागी दोन दिवाळी अंक आणि मोज्यांचे जोड गेले. मुलं अजून माझ्याशी धड बोलत नाहीत.